अनुभव धागा: व्हायोलिनचे सर बोलायचे थांबले की काय समजायचं?

नौपाड्याची आई

धागा जरा स्वार्थापोटीच काढतेय. लेक तेरा वर्षांची. सातव्या वर्षी पाव साइजच्या व्हायोलिनवर सुरुवात केली, यंदा पहिल्यांदा पूर्ण साइजचं हातात आलंय. सर सत्तरीपुढचे, मूळ गोव्याचे. उमेदीची वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवण्यात गेली, आता ठाण्यात घरीच शिकवतात. तिच्या हातात काहीतरी आहे हे ते पहिल्या वर्षीच म्हणाले होते, पण तिच्यासमोर नाही. मला जिन्यात गाठून सांगितलं आणि वर बजावलं, "हे तिच्या कानावर घालू नका."

डिसेंबरात छोटा कार्यक्रम आहे. मोझार्टच्या तिसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा पहिला भाग. लेक सोलो वाजवणार, मागे अठरा जण (बहुतेक सरांचेच जुने विद्यार्थी), ओबो आणि हॉर्न या फुंकवाद्यांच्या जागा कीबोर्डवर, आणि समोर कंडक्ट करायला खुद्द सर. या भागाच्या शेवटाकडे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि सोलो वाजवणाऱ्याने एकट्याने आपल्या मनाचं वाजवायचं असतं. त्याला कडेन्झा म्हणतात. मोझार्टने हा कॉन्चेर्तो १७७५ साली, वयाच्या १९ व्या वर्षी लिहिला, पण त्याचा स्वतःचा कडेन्झा काही उपलब्ध नाही. लोक नंतरच्या व्हायोलिनवादकांनी लिहिलेले छापील वाजवतात. आमचे सर म्हणाले, "बाय, तुझा तू कर."

तेव्हापासून सर गप्प. आधी मनगट, कोपर, बोट, प्रत्येक गोष्टीवर टोकायचे. आता ती वाजवते, ते खिडकीबाहेर बघत ऐकतात, "परत" म्हणतात, की संपलं. पोर घरी येऊन रडते, सर रागावलेत का म्हणून. मी संगीतातली नाही. ज्यांनी असं शिकलंय किंवा मुलांना शिकवलंय, त्यांनी कृपया लिहा.

ऐरोलीकर, सेकंड व्हायोलिन, तिसरी रांग

बँकेत नोकरी, रविवारी व्हायोलिन. आमच्या ग्रुपमध्ये असाच एक चौदा वर्षांचा मुलगा सोलोला होता, काही वर्षं झाली. मी मागे बसून जे पाहिलं ते सांगतो. मागच्या रांगेतून कंडक्टरचा चेहरा सगळ्यात चांगला दिसतो. सोलो वाजवणाऱ्याला तो दिसतच नाही म्हणा, त्याचं तोंड प्रेक्षकांकडे.

आमचे सर बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी, वापरायचे नाहीत. पेन्सिल. उजवा हात नुसता ताल दाखवायचा, बोलायचा तो डावा. तळवा खाली केला की आम्ही हळू, बोटं जवळ आणली की चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) गप्प. तर या पोराला एका जलद जागेवर धावायची सवय होती. सोळा स्वरांची ओळ आली की सुटलाच. आम्हाला वाटलं सर थांबवतील. त्यांनी उलट आम्हालाच त्याच्यामागे पळवलं. तो आणखी धावला, आम्ही आणखी, आणि चौथ्या ओळीला सगळं गडगडलं. पोरगा लाल. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला विचारलं, "तुम्ही का थांबलात?"

पुढचे दोन रविवार त्यांनी त्याला सोलोवरून उठवून माझ्या शेजारी बसवलं. सेकंड व्हायोलिनचा पार्ट. त्यात काय असतं? बरंचसं डुग्गु-डुग्गु, सुरावट भलत्याकडेच. सोलोचा भाग सर स्वतः गुणगुणत होते. दुसऱ्या रविवारी तो पोरगा माझ्या कानात म्हणाला, "काका, तिथे खाली चेलोचं वेगळंच चाललेलं असतं!" तीन महिने ती जागा वाजवत होता, पण चेलो त्याने ऐकलाच नव्हता. त्यानंतर धावणं आपोआप कमी झालं. पूर्ण गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता कडेन्झा. कार्यक्रमाच्या दिवशी ती जागा आली, आम्ही शेवटचा कॉर्ड धरला, सोडला. सरांनी दोन्ही हात खाली घेतले, पेन्सिल खिशात घातली, एक पाऊल मागे सरले आणि स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहिले. तो दीड मिनिट वाजवत होता. मधे एक सूर सरळसरळ बेसूर लागला. मी सरांच्या भुवईकडे बघत होतो, हलली नाही. शेवटी ट्रिल येते, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजत राहतात. ती "या आता" अशी आम्हाला हाक असते. त्याने ट्रिल हवी त्याच्या दुप्पट लांबवली. सरांनी मान वर केली नाही. मुलाने नाकाने श्वास घेतला तो तिसऱ्या रांगेत ऐकू आला, आणि त्याच श्वासावर सरांचा हात वर गेला. आम्ही अठराच्या अठरा एकत्र उतरलो.

नौपाड्याच्या ताई, तुमचे सर रागावलेले वाटत नाहीत मला. खिडकीबाहेर बघणं म्हणजे बुटांकडे बघण्याची तालीम असावी.

कोपरखैरणे, बसून वाजवणारा

आमच्याकडे कंडक्टर नाही, पण गोष्ट तीच. मी हिंदुस्थानी शिकलो. मांडी घालून, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर. गुरुजींचा नियम असा की आधी गाऊन दाखव, मग गज (तारांवर फिरवायची छडी) उचल. गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, हे ते महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे. एन. राजम पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या म्हणून त्यांचं व्हायोलिन गातं, हे दुसरं. तेव्हा कंटाळा यायचा. पण पट्ट्या नसलेल्या वाद्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठे थांबवायची हे बोटाला कोण सांगणार? गळाच.

वाशीच्या एका घरगुती मैफलीत मी त्यांच्या मागे साथीला होतो. यमन. मध्य लयीत त्यांनी अचानक गज मांडीवर ठेवला आणि हाताने ताल द्यायला लागले. मला कळायला अख्खं आवर्तन गेलं की आता मी. दोन आवर्तनं बरी गेली, तिसऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली. ते गज उचलून माझ्या चुकलेल्या स्वरावरूनच पुढे निघाले, जणू तसंच ठरलं होतं. पुढे बसलेल्यांना पत्ता नाही. तबलजी मात्र हसला.

परतीच्या ठाणे लोकलमध्ये अवाक्षर नाही. घणसोली गेल्यावर म्हणाले, "उद्या सहाला ये. आठला नको." एवढंच.

घोडबंदर रोड, बाबा

दुसरी बाजूही लिहितो, कारण हुशार मूल दिसलं की शिकवणाऱ्यांचाही तोल जातो. आमच्या क्लासचं नाव घेत नाही. मुलगा नऊचा असताना दर कार्यक्रमात त्याला सगळ्यात जलद तुकडा. व्हिडिओ, टाळ्या, क्लासच्या जाहिरातीत फोटो. एकामागून एक ग्रेडच्या परीक्षा. आम्हीही फुशारलो होतो, दोष एकट्या क्लासचा नाही. अकराव्या वर्षी डावं मनगट दुखायला लागलं. दुसऱ्या बाईंकडे नेलं तर त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला मोकळ्या तारांवर आणलं, ताल देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, नुसता गज वर आणि खाली. त्याला तो अपमान वाटला. वर्षभर वाद्य कपाटावर. आता गणपतीत आरतीला वाजवतो आणि कधीतरी रात्री दार लावून. आम्ही काही विचारत नाही.

ताई, तुमच्या सरांनी "तिच्या कानावर घालू नका" म्हटलं ना, तिथेच मला हेवा वाटला.

वाशी, सेक्टर नऊ

जरा अवांतर. पूर्ण साइजचं नवं वाद्य आहे म्हणून सांगते. आपल्याकडच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, थंडीत सुकून सटकतात. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायला सांगा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. जुलैत माझ्या व्हायोलिनची खालची कड उघडली तेव्हा मी रडकुंडीला आले, तर सर हसले. व्हायोलिन सरसाने चिकटवतात ते मुद्दाम, दमट हवेत लाकूड तडकण्याआधी जोड सुटावा म्हणून. मग घोडी, म्हणजे तारांखालची उभी लाकडी पट्टी, त्यांनी माझ्याकडूनच बसवून घेतली. चार वेळा आडवी पडली. हात पाठीमागे बांधून बघत होते.

(लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींनी आपल्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विसांचं नाव १९७७ साली एका गाण्यात अजरामर केलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्याच्याने तेवढं होणार नाही, पण घोडी सरळ बसवता येते.)

नौपाड्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोलीकर, तुमची पोस्ट लेकीला वाचून दाखवली. बुटांपाशी आल्यावर तिने फोनच हातातून घेतला.

काल धीर करून सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "मी बोललो तर ती माझा वाजवील. माझा मी चाळीस वर्षं वाजवलाय, मला त्याचा कंटाळा आलाय."

आज संध्याकाळी तिने वहीतली दोन पानं फाडली आणि तिसरं लिहायला घेतलंय. एकच चार स्वरांची जागा तासभर चालली आहे. मी दाराशी ऐकत उभी राहिले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरण पार लागलं. ती आतून ओरडली, "आई, काहीतरी जळतंय!" आणि वाजवत राहिली.

तारीख ठरली की इथेच लिहीन.