सिरिंजचं टोपण आधी बघा

इन्सुलिनचा डोस तोच असूनही आईंची रक्तातली साखर आठवडाभरात ३०० च्या वर का गेली, असं विचारताना सिरिंजचा नवा पुडा आणल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझा पहिला संशय त्यावरच. कुपीवर ४० युनिट प्रति मिली लिहिलं असेल तर लाल टोपणाची यू-४० (त्याच ताकदीच्या इन्सुलिनसाठी रेघा आखलेली) सिरिंजच हवी. नारिंगी टोपणाची यू-१०० (१०० युनिट प्रति मिलीसाठीची) असेल, तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलटा घोटाळा जास्त घातक: १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन यू-४० ने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात!

वर एकांनी डोस वाढवायला सांगितलंय, ते करू नका. उद्या बरोबर सिरिंज आली की तोच वाढीव डोस साखर पार खाली आणेल. मधल्या काळात डॉक्टरांनी डोस वाढवला असेल, तर सिरिंज बदलण्याआधी त्यांना सांगा. उलट्या किंवा धाप असेल तर आजच दवाखाना गाठा.

सिरिंज बरोबर निघाली तर साठवण बघा. इंदूरच्या मे महिन्यात ओट्यावरची कुपी निकामी होते. फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठलेली फेकाच. मुळातच गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर टोचण्याआधी तळहातांत दहा वेळा घोळवा.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. जिलबी नको; तुपामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोचते.