नववीतल्या मुलीसाठी पुस्तकं सुचवा: घरात तेलुगू, बाहेर मराठी

पूर्वभाग_आई

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. पद्मशाली. सासऱ्यांचे वडील मागावर काम करायला तेलंगणातून आले, तेव्हापासून इथलेच. घरात आणि गल्लीत तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी. मुलगी नववीला, सेमी इंग्रजी.

मागच्या महिन्यात तिच्या दोन मैत्रिणी पहिल्यांदाच घरी आल्या. सासूबाई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "अन्नम तिन्नावा?" जेवलीस का, एवढंच. मुलगी म्हणाली, "हो आजी, जेवले." बोलायला लागल्यापासून ती त्यांना नायनम्मा म्हणते. आजी हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आला. सासूबाईंच्या हातातल्या विडीला दोरा गुंडाळायचा राहिला. मैत्रिणी जाईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री विचारलं तर म्हणाली, वर्गात मुली विचारतात तुम्ही कुठले. सोलापूर सांगितलं की म्हणतात, तसं नाही, खरे कुठले? आणि तेलंगणात लग्नाला गेलो तर तिथले भाऊ-बहिणी आमची तेलुगू ऐकून हसतात. मग आपण कुठले, मम्मी? मला उत्तर देता आलं नाही.

तिच्या वयाची मुलं अशी दोन भाषांत, दोन घरांत वाढतात अशी पुस्तकं हवीत. कुठल्याही देशातली चालतील. शेवटी उपदेश करणारी नकोत, तो तिला तिसऱ्या पानावरच कळतो आणि पुस्तक तिथंच मिटतं.

शाळेतलं_कपाट

ताई, मी शाळेत ग्रंथालय बघते. आधी जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' द्या. २००६ चं आहे, सगळं चित्रांतून. इंग्रजी सोपं, सेमीच्या मुलीला जड जाणार नाही. जिन वांग नावाचा मुलगा नव्या शाळेत येतो. बाई त्याचं नाव चुकवतात आणि हा चीनहून आलाय असं वर्गाला सांगून मोकळ्या होतात. तो हळूच म्हणतो, सॅन फ्रान्सिस्कोहून. तुमच्या मुलीचा 'खरे कुठले' तो हाच. शिवाय त्यात चिनी पुराणातल्या माकडांच्या राजाची गोष्ट आहे, ती पुढे जिनच्या गोष्टीला येऊन मिळते.

दुसरं, इराणच्या मार्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस'. त्यांची स्वतःचीच गोष्ट, तीही चित्रांतून. चौदाव्या वर्षी घरचे तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात. तिथं ती एकदा एका मुलाला सांगते, मी फ्रेंच आहे. आणि मग तिला घरची आजी आठवते, स्वतःशी खरी राहा म्हणून सांगणारी. तुमच्या दारातला प्रसंग वाचताना मला तेच पान आठवलं. पण दुसऱ्या भागात नशेचे, शरीरसंबंधांचे उल्लेख आहेत. आधी तुम्ही वाचा. मी ते अकरावीच्या पुढच्या मुलींना देते.

विजापूर_वेस

मी उर्दू बोलणाऱ्या घरातला, शिकलो मराठीतून. पुण्यात होस्टेलला 'मराठी चांगलं बोलतोस की' हे मी चार वर्षं ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण प्रत्येक वेळी लागायचं.

वीरा हिरानंदानी यांचं 'द नाइट डायरी' (२०१८) सुचवतो. निशा बारा वर्षांची, वडील हिंदू, आई मुसलमान आणि निशाच्या जन्मावेळीच वारलेली. फाळणीत मीरपूर खास सोडून जोधपूरकडे निघावं लागतं. ती आईला रोज वहीत पत्र लिहिते. आपण नक्की कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्या पत्रांत सतत आहे. निशा फार बोलत नाही, सगळं वहीत. अबोल मुलांना ती फार जवळची वाटते.

आणि ताई, एकदा तिला आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्या. मी सहावीत असताना अब्बांनी मला तिथं उभं करून नावं मोठ्यानं वाचायला लावली होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी. अब्बा म्हणाले, कुणी विचारलं कुठला, तर ही चार नावं सांग.

अक्कलकोट_रोड

सगळी इंग्रजीच कशाला? प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या. लंपन आजी-आजोबांकडे वाढतो, बेळगावकडचा मुलूख, आणि त्याच्या मराठीत कानडी इतकं सहज येतं की कोणी थांबून अर्थ सांगत नाही. आमच्या घरात कानडी. असं मिसळलेलं बोलणं पुस्तकात छापतात हे मला त्यानंच कळलं. आवडलं तर पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आहेतच.

शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' आमच्याच तालुक्यातल्या हन्नूरचं. माझा बाप कोण, माझी जात कोणती, हे इतकं थेट विचारणारं पुस्तक मी दुसरं वाचलं नाही. पण नववीला नको, फार अंगावर येतं. कॉलेजात गेली की नक्की द्या.

पूर्वभाग_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. 'वनवास' अर्धं झालंय, सावकाश चाललंय. जिन वांगचं मात्र दोनदा वाचून झालं, माझ्याशी त्यावर अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही.

परवा ते पुस्तक बाजेवर पडलं होतं. सासूबाईंना इंग्रजी-मराठी वाचता येत नाही, पण चित्रं बघत बसल्या. माकडांचा राजा दिसल्यावर त्यांनी हनुमंताला करतात तसा हात जोडला. मग पुढचं पान बघून नातीला हाक मारली, "कोतिकि चेप्पुलु एंदुके?" माकडाला चपला कशाला गं?

मुलगी मोबाईल ठेवून शेजारी जाऊन बसली. हा आपला हनुमंत नव्हे नायनम्मा, चीनचा आहे. देवांच्या जेवणाला गेला तर पायात काही नाही म्हणून याला दारातूनच परत पाठवलं, तेव्हापासून घालतो. हे सगळं तेलुगूत. जिथं शब्द अडला तिथं सासूबाईंनी पुरवला. पाऊण तास चाललं होतं, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

'द नाइट डायरी' मागवलंय. चित्रांतली आणखी पुस्तकं माहीत असतील तर सांगा, आता वाचणाऱ्या दोघी आहेत.