शब्दचर्चा : ॲडजंक्ट – सहायक, पूरक की जोड?

परवा एक अनुवाद तपासायला आला. विषय बिअर कशी तयार होते हा. त्यात वाक्य होतं : 'या बिअरमध्ये तांदूळ सहायक म्हणून वापरतात.' मूळ शब्द ॲडजंक्ट. वाक्य चुकीचं म्हणता येईना, पण वाचून काही हातालाही लागेना. तांदूळ कुणाला साहाय्य करतो, कशात करतो? तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतो आहे, म्हणून इथे मांडतो.

बिअरवाल्यांचा अर्थ आधी घेऊ. बार्लीला मोड आणून, वाळवून, भाजून जो माल्ट करतात तो बिअरचा पाया. माल्टखेरीज साखर पुरवणारं जे काही घालतात ते ॲडजंक्ट : तांदूळ, मका, साखर, आफ्रिकेत ज्वारी. मोड न आणलेली बार्लीसुद्धा यात मोडते. धान्य तेच, पण मोड आले तर पाया आणि न आले तर ॲडजंक्ट. म्हणजे इथे हलकं-भारी धान्य हा मुद्दाच नाही, प्रश्न विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा आहे. मोड येताना बार्लीत स्टार्चची साखर करणारी विकरं तयार होतात. तांदळात ती कामापुरती नसतात, म्हणून त्याची साखर माल्टच्या विकरांनी करून द्यावी लागते. त्यातही ही विकरं साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला चांगलं काम करतात आणि तांदळाचा स्टार्च फुलायला बहुधा त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून तांदूळ वेगळ्या भांड्यात पेजेसारखा शिजवून घेतात आणि मग माल्टच्या घोळात ओततात. आता सांगा, साहाय्य कोण कुणाला करतंय? माल्ट तांदळाला!

मग तांदूळ घालायचाच कशाला? तर बिअर हलकी, स्वच्छ आणि फिक्या रंगाची व्हावी म्हणून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांना तिथली बार्ली मिळाली ती प्रथिनांनी भरलेली, नुसती वापरली तर बिअर गढूळ होई. त्यांनी मका आणि तांदूळ जोडीला घेतले. १८७६ साली आलेल्या बडवायझरमध्ये तांदूळ आहे तो याच परंपरेतला. त्यांच्या मायदेशी, बव्हेरियात मात्र १५१६ च्या फर्मानानुसार बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी यांखेरीज काही चालत नसे. त्यामुळे या शब्दाला 'भेसळ' असा वास चिकटला, तो अजून पुरता गेलेला नाही. हल्ली तर कॉफी, व्हॅनिला, कोको घातलेल्या काळ्या बिअरलाही ॲडजंक्टवाली म्हणतात. तिथे साखरेचा संबंध सुटला, उरली ती चवीची भर.

आता व्याकरण. ही दोन वाक्यं पाहा :

आजीने ओट्यावर भाजी चिरली.
आजीने फळीवर बरणी ठेवली.

'ओट्यावर' काढून टाका. आजीने भाजी चिरली. वाक्य धड उभं आहे. 'फळीवर' काढा. आजीने बरणी ठेवली, ऐकणारा 'कुठे?' विचारणारच. 'तो पुण्यात राहतो' यातलं 'पुण्यात' काढलं तर वाक्य आणखीच लंगडं होतं. भाषाशास्त्रात 'ओट्यावर' हे ॲडजंक्ट, 'फळीवर' नाही, कारण 'ठेवणे' हे क्रियापद जागा मागतंच. गंमत अशी की दोन्हीकडे तेच 'वर', कारकाच्या भाषेत दोन्ही अधिकरणच. शाळेत वाक्यपृथक्करण करताना आपण क्रियापदाला केव्हा, कोठे, कसे असे प्रश्न विचारायचो आणि उत्तर येईल ते विधेयविस्तारक म्हणून लिहायचो. त्या रीतीने दोन्ही पदं एकाच रकान्यात जातात. म्हणून ॲडजंक्टला सरसकट 'विधेयविस्तारक' म्हणणं मला पटत नाही. त्यात काढून बघण्याची कसोटीच हरवते. 'ऐच्छिक विस्तारक' म्हटलं तर चालेल.

वैद्यकात जरा जपायला हवं, कारण तिथे दोन सारखे दिसणारे शब्द आहेत. ॲडजंक्ट म्हणजे मुख्य औषध चालू ठेवून जोडीला दिलेलं. ॲडज्युव्हंट हा वेगळ्या धातूचा शब्द, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मदत करणे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर देतात ती केमोथेरपी किंवा लशीचा परिणाम वाढवायला घालतात ते ॲल्युमिनियमचे क्षार, हे ॲडज्युव्हंट. 'सहायक' हा शब्द यांच्यासाठी राखून ठेवावा, तिथे तो नेमका बसतो. आयुर्वेदातलं 'अनुपान' आठवलं, सितोपलादी चूर्ण मधातून देतात तो मध. फार सुंदर शब्द आहे, पण औषधासोबत घ्यायच्या पदार्थापुरताच. तो ताणू नये.

ॲडजंक्टचा धातू मात्र जुंपण्याचा. लॅटिन युंगेरे आणि संस्कृत युज् एकाच कुळातले. 'योग' त्याच घरातला आणि 'युग'वरून आलेलं आपलं बैलांच्या मानेवरचं 'जू'सुद्धा. जुवाखाली दोन्ही बैल बरोबरीने ओढतात. दुय्यमपणा धातूत नाही, तो वापरातून आला.

हे सगळ्यात जास्त टोचतं ते प्राध्यापकांच्या बाबतीत. आपल्याकडे आयआयटीसारख्या ठिकाणी ॲडजंक्ट प्रोफेसर म्हणजे बहुतेकदा उद्योगातला किंवा दुसऱ्या संस्थेतला जाणकार माणूस, सन्मानाने बोलावलेला. 'संलग्न प्राध्यापक' त्याला शोभतं. अमेरिकेत त्याच नावाखाली बहुधा कायम नोकरी नसलेला, दर कोर्समागे ठरलेले पैसे घेऊन शिकवणारा माणूस येतो. अमेरिकेतली बातमी मराठीत आणताना त्याला 'संलग्न' म्हटलं की त्याची सगळी ओढाताण पुसली जाते. त्याच्या जवळचा शब्द आपल्याकडे आहे : तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे आपले सीएचबीवाले (क्लॉक अवर बेसिस, तासागणिक मानधनावरचे). व्याकरणातली कसोटी इथे लावून पाहा. तासिकेवरचे काढले तर कितीतरी विभागांचं वेळापत्रकच उभं राहणार नाही.

त्या अनुवादात मी शेवटी 'जोडधान्य' केलं, 'जोडधंदा'च्या चालीवर. 'पूरक धान्य' सुचलं होतं, पण पूरक म्हटलं की आधी काही अपुरं होतं असं वाटतं आणि निव्वळ माल्टची बिअर अपुरी नसते. 'जोड'लाही अडचण आहे : जोडाक्षरात दोन्ही अक्षरं तोलामोलाची असतात. पण शेतकऱ्याच्या घरात जोडधंदा म्हटल्यावर दोन म्हशींचं दूध कुणी क्षुल्लक समजत नाही आणि ते दूध म्हणजे शेती असंही कुणी म्हणत नाही. तांदळाचं माल्टशी असलेलं नातं मला तसंच दिसतं. साखर, कॉफी, व्हॅनिला ही धान्यं नव्हेत, त्यांच्यासाठी 'जोडघटक' योजला आहे. याहून सरस काही सुचलं तर सांगा, मजकूर अजून छापायला गेलेला नाही.