मुसलमानायमुळं परराष्ट्र धोरण बदलते का? मंडीतला वाद इथं मांडतो

संत्रावाला_वरुड:
काल मंडीत एक जण म्हने, बांगलादेशनं आपल्या संत्र्यावर ड्युटी वाढवली ते इथल्या मुसलमानायच्या भानगडीमुळं. मले काही पटलं नाही बावा, त्यायचं डॉलरच्या टंचाईचं रडगानं वेगळंच आहे. पन डिसेंबर २०१९ ले नागरिकत्वाचा सीएए कायदा पास झाला अन् लगेच त्यायच्या परराष्ट्र मंत्र्यानं, मोमेननं, दिल्लीचा दौरा कॅन्सल केला, हेही खरं. इथला मुसलमान काही ढाक्याले फोन लावत नाही, पन त्याच्यासंग आपन कसे वागतो हे बाहेरचे पाहतेच.

मोर्शीचा_पोट्टा:
भाऊ तुमी लय साधे. इस्राएलले १९५० ले मान्यता देल्ली अन् पुरे संबंध जोडाले १९९२ उजाडलं, कायची वाट पाहत होतो? मुसलमानायची मतं जातीन म्हनूनच ना! अन् सिक्युरिटी म्हनसान तं २००१ ले सिमी ही मुसलमान विद्यार्थ्यायची संघटना बॅन, २०२२ ले पीएफआय ही दुसरी मुसलमान संघटना बॅन, कल्याणचे चार पोट्टे २०१४ ले आयसिससाठी इराकात. हे बोललं का आमी कट्टर.

रिटायर्ड_मास्तर:
मतायचा हिशोब होताच, नाही कोन म्हनते. पन तेल अरबायचं, गल्फमधे आपले लाखो लोकं कामाले, अन् काश्मीरचा विषय निघाला का हेच देश पाकिस्तानच्या बाजूनं जाऊ नये हा धाक. उलट १९६९ ले रबातच्या इस्लामी परिषदेत आपल्याले बोलावलं, फक्रुद्दीन अली अहमद डेलिगेशन घेऊन गेले, पाकिस्ताननं बोंब मारली अन् आपल्याले बाहेर ठेवलं. येवढा मोठा मुसलमान समाज देशात असून उपयोग झाला का? अन् २०१९ ले अबुधाबीत इस्लामी देशायच्या बैठकीत आपल्या परराष्ट्र मंत्री सुषमाताई स्वराज मानाच्या पाहुण्या, पाकिस्तानचा मंत्री रुसून घरी. तवा काय इथले मुसलमान वाढले होते? गल्फवाल्यायले आपल्यासंग धंदा पाह्यजे होता, बस.

पेटीवाला_अचलपूर:
मी मुसलमान, संत्र्याच्या पेट्या भरतो. २००८ ले मुंबईत मेलेल्या नऊ अतिरेक्यायले कब्रस्तानात जागा देल्ली नाही ते आमच्याच लोकायनं. आता कोनी म्हननार अब्दुल हमीद, कलाम साहेब... मले त्याचाही कंटाळा आला, दरवेळी हजेरी लावल्यासारखी नावं घ्या. पुतन्याचं कुवेतचं काम होतं, पासपोर्टच्या चौकशीले आलेला मानूस चहा पिऊन इचारते, पाकिस्तानात कोन कोन आहे? अरे आजा, पणजा सारे इथंच ईदगाहमागं गाडले हाय.

मोर्शीचा_पोट्टा:
काका तुमाले कोन म्हनलं. पन सिमीचे लोकं वर्सानुवर्सं लपून राह्यले, ते काय जंगलात? त्यायले घर, जेवन, पैसा कोनीतरी देल्लाच असन.

रिटायर्ड_मास्तर:
देल्ला असन तं त्याले पकडा, मोहल्ल्याले कायले? खबर देनारा मानूसही त्याच मोहल्ल्यात रायते, त्याले दुखावलं तं सांगन कोन तुमाले? अन् जून २०२२ आठवा. टीव्हीवर भाजपच्या एका प्रवक्तीची पैगंबराबद्दल जीभ घसरली, कतार, कुवेत, इराननं तिथल्या भारताच्या राजदूतायले बोलावून निषेध केला, उपराष्ट्रपती नेमके दोहात, अन् पक्षाले तिले सस्पेंड करा लागलं. यात इथल्या मुसलमानाचा काय दोष?

मोर्शीचा_पोट्टा:
म्हंजे आता टीव्हीवर तोंड उघडाच्या आधी कतारले इचारू का मास्तर?