"750 पट मोठं दिसतं" म्हणे! पहिल्या दुर्बिणीवरून थोडा त्रागा

गच्चीवाला
"आठवीतल्या मुलासाठी 15 हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी?" या प्रश्नाला काल इथे उत्तर आलं: "114/1000 इक्वेटोरियल, डोळे झाकून घ्या. 750 पट मोठं दिसतं." डोळे झाकूनच घ्यावी अशी आहे खरी.

114 म्हणजे आरशाचा व्यास मिमीत, 1000 म्हणजे नाभीय अंतर आणि इक्वेटोरियल म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा स्टँड. 750 आलं कुठून? नाभीय अंतर 1000 मिमी, भागिले 4 मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), गुणिले खोक्यातली तिप्पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग). गणित बरोबर, दृश्य शून्य. दर मिलिमीटर व्यासाला दोन पट ही वरची हद्द. म्हणजे 114 ला फार तर 228, तेही हवा स्थिर असलेल्या रात्री. 750 पटीला आयपीसमधून बाहेर येणारी शलाका 0.15 मिमीची उरते. त्यात शनीपेक्षा स्वतःच्या डोळ्यातले तरंगते ठिपके जास्त दिसतात.

आता नळी मोजा. नाभीय अंतर मीटरभर आणि नळी जेमतेम अर्धा मीटर? मग फोकसरच्या (आयपीस पुढेमागे करणाऱ्या नळीच्या) खाली एक भिंग बसवलेलं आहे, गोलीय आरशाची चूक झाकायला. त्याच्यातून जुळणीच्या लेझरचा ठिपका पसरतो, कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, नीट होत नाही. पहिल्या महिन्यात स्क्रू पिळायचे, दुसऱ्या महिन्यात दुर्बीण माळ्यावर.

आधी 10×50 (10 पट, 50 मिमीची भिंगं) बायनॉक्युलर घ्या. विषय संपला.

आर्द्रा
विषय संपला कसा? मुलाला शनीची कडी बघायचीत आणि तुम्ही हातात 10×50 देताय. भुकेल्याला बडीशेप! 10 पटीत शनी म्हणजे लांबट तारा. कडी वेगळी कळायला 25-30 पट तरी लागतात. साधी 70/700 भिंगाची दुर्बीण घ्या: 25 मिमी आयपीसला 28 पट, 10 मिमीला 70. कोलिमेशनची कटकट नाही. गुरूचे चार चंद्र, दोन पट्टे, चंद्राची विवरं सगळं येतं. कडी मात्र मार्च 2025 मध्ये आपल्या बाजूने धारेवर आली होती, ती पूर्ण उघडायला 2032 उजाडेल. खोक्यावरच्या चित्राशी तुलना नको.

गच्चीवाला
70/700 चं भिंग ठीक, पण खालचा ट्रायपॉड? फोकसला बोट लावलं की चित्र नाचतं.

आर्द्रा
पाय पूर्ण ओढू नका आणि मधल्या ताटलीखाली दोन लिटर पाण्याची बाटली टांगा. खुर्चीवर बसून बघा. झालं.

ध्रुवमत्स्य
114/1000 बाजूला ठेवा, ती नळी टाकाऊच. पण इक्वेटोरियलला कशाला शिव्या? स्टँडच्या अक्षांशाच्या पट्टीवर 40 अंश ठेवून पुण्यात बघणारेच जास्त ओरडतात. अक्षांश 18.5 लावा, पाय समतल करा, अक्ष उत्तरेला रोखा. धुरकट क्षितिजात ध्रुव दिसला नाही तरी नुसत्या बघण्यापुरतं फोनचं होकायंत्र पुरतं, फक्त ते काउंटरवेटच्या (नळीचा तोल साधणाऱ्या वजनाच्या) लोखंडापासून लांब धरा. मग एकच नॉब फिरवत अर्धा तास शनी धरता येतो. उलट डॉब्सन, म्हणजे जमिनीवरच्या फिरत्या खोक्यावर बसवलेली, हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण; तिच्यात 120 पटीला, 50 अंशी आयपीसमध्ये, विषुववृत्ताजवळचा तारा शंभर सेकंदांत पार होतो. चार मुलं रांगेत असली की तिसऱ्याला रिकामं आकाश.

फिरकी
वा! आणि 18.5 ला अक्ष जवळजवळ आडवा होतो, काउंटरवेटचा दांडा पायावर आपटतो, ते कोण सांगणार? शिवाय न्यूटोनियन (आरशाच्या दुर्बिणीची, आयपीस बाजूला असलेली) नळी वळवली की आयपीस कधी जमिनीकडे, कधी ढगाकडे. मग नळी धरणाऱ्या कड्या सैल करा, नळी फिरवा, तोल गेला, पुन्हा जुळवा. तोवर मूल झोपलेलं असतं.

ध्रुवमत्स्य
एक पाय दक्षिणेला, दोन पायांमधली फट उत्तरेला. दांडा फटीत उतरतो. वजन उत्तरेला झुकतं म्हणून दक्षिणेच्या पायाला वाळूची पिशवी बांधा. पाच मिनिटांचं काम, पण आळशी माणसाला डॉब्सनच आवडणार.

फिरकी
आळशी? डॉब्सनला हातही लावलेला नसावा तुम्ही. तळाला टेफ्लॉनचे तीन तुकडे, बरोबर खालच्या पायांच्या डोक्यावर. समोर खडबडीत सनमायका, गुळगुळीत नको. मग बोटाने ढकललं की सरकतं आणि सोडलं की थांबतं. टेफ्लॉनऐवजी नायलॉन लावलं की अडकून उडी मारतं, आणि लोक दोष देतात डिझाइनला.

ध्रुवमत्स्य
आणि डोक्यावरची वस्तू? खस्वस्तिकापाशी तुमचा डॉब्सन नुसता गोल गोल फिरतो.

फिरकी
तासभर थांबा, ती वस्तू 14 अंश खाली येईल. पृथ्वी फुकट फिरवते.

आर्द्रा
अहो, सुतारकाम पुरे! प्रश्न आठवीतल्या मुलाचा, बजेट 15 हजार. सहा इंची डॉब्सन त्यात बसते का ते आधी बघा. विकत घेतल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलंच नाही. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी लावा: 25 मिमीमध्ये किलोमीटरभर लांबचा टॉवर मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू. रात्री हे करायला गेलात तर चंद्रसुद्धा सापडत नाही. आयपीसवर लावायची काळी "सन" काच आली असेल तर फोडून टाका; उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. सौर फिल्टर नळीच्या तोंडावरच. आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलसकट बंद डबा, नाहीतर भिंगावर बुरशीची जाळी.

गच्चीवाला
स्लॅबचं कोणीच बोललं नाही. दिवसभर तापलेली गच्ची दहापर्यंत वाफा सोडते. 70 पटीच्या वर ग्रह उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो, मग लोक आयपीस बदलत बसतात. आरशाची दुर्बीण असेल तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा.

बायनॉक्युलर मी अजून सोडलेलं नाही. पुण्यातून नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 24 अंश वर येतो. एप्रिल-मे मध्ये, दक्षिणेला दिवे नसतील तर, 10×50 मध्ये कापसाचा गोळा दिसतो. लंडनवाल्यांच्या नशिबात तो नाही.

पण ठीक आहे, शनीचाच हट्ट असेल तर 70/700 घ्या. पाण्याच्या बाटलीसकट.

ध्रुवमत्स्य
114/900 सुचवणार होतो. पूर्ण लांबीची नळी, आत भिंग नाही. पण ती इक्वेटोरियलवर येते, म्हणजे इथे पुन्हा सनमायका निघणार.