घरातले कोळी: तुम्ही पाहिलेले, टिपलेले

दिवाळीआधी आमच्या धुळ्याच्या घरी बांबूला केरसुणी बांधून जळमटं काढतात. यंदा जिन्याखालच्या कोपऱ्यात केरसुणी जाण्याआधी मी टॉर्च मारला. काडीसारख्या लांब पायांची एक कोळीण तोंडात अंड्यांचा पुंजका धरून उलटी लटकली होती. फुंकर लागताच ती जाळ्यासकट अशी थरथरली की नुसता धूसर ठिपका उरला. खाणाऱ्याला नेम धरता येऊ नये म्हणून ती असं करते. आईला समजावून तो कोपरा तसाच ठेवला आणि पिल्लं जाळ्यात पसरेपर्यंत रोज एक फोटो काढला.

खानदेशात तुमच्या घरात, ओट्यावर, गोठ्यात असं काही दिसलं असेल तर सांगा. फोटो हलला असला, कोळ्याचं नाव ठाऊक नसलं, तरी चालेल.

जळगाव
कूलरजवळच्या भिंतीवर उड्या मारणारा कोळी रोज येतो. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. माशी दिसली की मांजरासारखा दबत सरकतो आणि उडी घेण्यापूर्वी भिंतीला धागा चिकटवतो. नेम चुकला तरी धाग्याला लटकून परत वर. मोबाइलला क्लिपची मॅक्रो लेन्स लावली की अगदी २-३ सेंटिमीटरवर जावं लागतं आणि फोकस केसभर जागेत मिळतो. हात भिंतीला टेकवायचा, श्वास रोखायचा, फोकस डोळ्यांवर धरायचा. पाय धूसर आले तर चालतात, डोळे धूसर आले तर फोटो गेला. थेट फ्लॅशनं डोळ्यांत पांढरे डाग येतात, म्हणून त्यापुढे बटर पेपर चिकटवते. पहिल्या दिवशी तो पळाला. चौथ्या दिवशी वळून लेन्सकडेच बघत बसला, तेव्हा माझाच हात कापत होता.

नंदुरबार
आमच्या न्हाणीघरात तळहाताएवढा चपटा कोळी राहतो. परवा मादी दिसली, पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी पिशवी धरलेली. हे कोळी झुरळं खातात हे कळल्यापासून घरात कुणी चप्पल उगारत नाही.

चाळीसगाव
पावसाळ्यात मानेवर जळजळणारे फोड आले. घरचे म्हणाले, कोळी मुतला. त्वचेच्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं: पावसाळी रात्री दिव्यावर येणारा बारीक, नारिंगी-काळा किडा अंगावर चिरडला की त्याच्या रसानं त्वचा भाजल्यासारखी होते. तो बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा, जागा साबणानं धुवा. कोळ्यावर हा आळ पिढ्यानपिढ्या आहे, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

यावल
गोठ्यामागच्या बाभळीवर मळकं फडकं अडकल्यासारखं दिसायचं. काढायला गेलो तर आत शेकडो कोळी! समूहानं राहणारी ही जात, शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सारासिनोरम. दिवसा घरट्यात, अंधार पडला की जाळं दुरुस्त करायला बाहेर. नाकतोडा अडकला तेव्हा एक धावला, मग पाच-सात, आणि सगळ्यांनी मिळून त्याला आत ओढत नेलं. पिल्लं थोडी मोठी झाली की ती आपल्या आईलाच खातात. माद्या पळत नाहीत. हे वाचलं त्या संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन गेलो खरा, पण बराच वेळ फोटो काढलाच नाही. नुसता उभा राहिलो.

शिंदखेडा
आजी धाब्याच्या घरात एकटी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. अखाजीला गेलो तेव्हा दाराच्या चौकटीवर उड्या मारणारा कोळी सापडला. फोटो काढून मोठा करून दाखवला. आजी मोबाइल डोळ्यांशी नेत म्हणाली, “कितला डोया रे भाऊ याले!” बोट ठेवून मोजले: चार. मी म्हटलं, आठ असतात. “अन् बाकीना?”

ते डोक्याच्या वर आणि बाजूंना असतात, समोरून दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत स्टुलावर चढून वरून फोटो घेतला. दोन नीट दिसत होते, उरलेले दोन खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. आजीनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि आठ भरले तसा मोबाइल घेऊन शेजारच्या काकूंना दाखवायला गेली.