'मासेमारी साफ बंद करा' म्हणणाऱ्यांनी मालवणला कुणाला विचारलं?

खाडीकाठचा (वाशी): काल नेरुळकरांनी लिहिलं, 'मालवणच्या प्रवाळात मासेमारी साफ बंद करा, मासे आपोआप वाढतील.' वाचून डोकं फिरलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा विरोध अजून मावळलेला नाही, कारण नकाशावर अभयारण्याच्या रेघा मारणाऱ्यांनी त्यांच्या पोटाचा विचारच केला नाही. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८२ मध्ये गावानेच प्रवाळाचा एक तुकडा बंद केला. पहाराही गावाचाच. म्हणून तिथे मासा वाढला.

नेरुळकर: माझं अर्धंच वाक्य उचललंत. मेक्सिकोत काबो पुल्मोला १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, मासेमारी थांबली आणि १९९९ ते २००९ या काळात माशांचं एकूण वजन ४६० टक्क्यांहून जास्त वाढलं. बंदीशिवाय हे झालं असतं?

खाडीकाठचा: त्या बंदीमागे तिथलीच मच्छीमार कुटुंबं उभी होती! तेवढं बरं गाळलंत.

मीनल (घोडबंदर रोड): पर्यटनाबद्दल दोघेही गप्प का? दिवाळीत मालवणला स्नॉर्कलिंगला गेलो. बोटवाल्याने पाव टाकून मासे जमवले आणि फोटोसाठी माझ्या मुलाला चक्क प्रवाळावर उभं राहायला सांगितलं. मी ओरडले तर म्हणे, सगळेच राहतात.

दिवाळे कोळीवाडा: ताई, बोटवाल्यांवर घसरू नका. माझ्या मावसबहिणीचं सासर मालवणचं. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्या बोटवाल्यांनी, मासा उपसला तेव्हा तिच्या नवऱ्याने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, सोडून पर्यटकांसाठी बोट घेतली. हौस नव्हती.

मीनल: म्हणून प्रवाळावर नांगर टाकायचा? गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. एका नांगरात किती वर्षं गेली?

दिवाळे कोळीवाडा: बोट बांधायला कायमचा तरंगता बोया टाकून द्या, मग नांगर कोण टाकेल? आम्हाला समुद्र शिकवू नका!

नेरुळकर: विषय माशांचा होता. समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं, ते कुठलीच बंदी थांबवत नाही, मान्य. पण मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं. पोपटमासे ते खरवडून खातात, तेव्हाच नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. तेच मासे जाळ्यात गेले तर? गावाला विचारा, ठीक आहे. गाव नाही म्हणालं तर काय कराल?

खाडीकाठचा: परत जाऊन बसा, परत विचारा. आणि आधी पर्ससीन हटवा, मग रापणवाल्याकडे या.